सोळा ओहम

या डोंगरांत ऑगस्ट म्हणजे कोरडा हिवाळा. तो अर्धा सरला होता आणि ओढ्याला घोट्याएवढंच पाणी होतं. पहाटे दंव गोठायचं, गवत जळायचं आणि दिवस वर आला की तेच गवत पायाखाली पापडासारखं मोडायचं. वीजघराच्या वरच्या टाकीत उतरून एल्विया किलिचे जाळीला अडकलेली पानं हातानं काढत होती. पाणी इतकं गार, की चार मुठी पानं काढली की बोटं आपली वाटेनाशी व्हायची. मग ती हात काखेत घालून जरा उभी राहायची आणि पुन्हा वाकायची. पावसाळ्यात हे काम आठवड्यातून एकदा केलं तरी भागतं. आता दिवसातून तीनदा करावं लागत होतं. आधीच पाणी कमी, त्यात पानांनी अडवलं की खाली टर्बाइन धापा टाकायची.

याकुपांपाची वीज गावाची स्वतःची होती. सरकारची तार डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबली ती थांबलीच. म्हणून आठ वर्षांपूर्वी गावानं ओढा अडवला, चर खणला आणि चाक बसवलं. अलीकडे साठ घरं, दरीपल्याड नऊ. घरटी पन्नास वॅटचे दोन दिवे आणि एक रेडिओ, एवढीच मुभा. शेगडी नाही, इस्त्री नाही. वीजघर सांभाळणाऱ्याला घरटी बटाटे मिळायचे आणि पेरणीला एक दिवसाचं माणूस. आधी हे काम एल्वियाचा बाप आर्तिदोरो करायचा. दोन वर्षांमागं त्याची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली आणि काम लेकीकडं आलं. वीजघराच्या दारावर मात्र अजून त्याचंच नाव रंगवलेलं होतं. ते खोडायचं कुणाच्या मनात आलं नाही, एल्वियाच्याही नाही.

"एल्विया, हाईस का?"

गस्तीचा अध्यक्ष बाल्दोमेरो कोत्रिना चराच्या काठावर उभा होता. तपकिरी पोंचो, डोक्यावर रुंद गवती टोपी, गालात कोकाच्या पानांचा गोळा आणि खांद्यावर कातडी चाबूक. या डोंगरात पोलीस चढून येत नाहीत. गुरं चोरीला गेली, बांध सरकला, नवऱ्यानं बायकोला मारलं, सगळ्याचा निवाडा गावकऱ्यांची गस्तच करते.

"हाय की. या उतरून, पानं काढू लागा," एल्विया म्हणाली.

"चेष्टा ऱ्हाऊ दे. चोर घावला."

"कसला चोर?"

"विजेचा. पल्याडचे दिवे दिस बुडला की निखाऱ्यावानी लाल व्हत्यात. नऊच्या नऊ घरं. ज्याच्या लाइनीवर शेगडी, त्याचाच दिवा बसतो, ह्ये शेंबडं पोर बी सांगंल. काल झडती घेतली. मेल्चोरा चिलोनच्या खाटंखाली काय घावलं असंल?"

"काय?"

"इस्त्री! लिमाहून लेकानं धाडलेली. म्हातारीला कुठल्या लग्नाला जायचंय देव जाणं."

एल्वियाला हसू आलं नाही. "अध्यक्ष, पानी न्हाई म्हनून वीज कमी हाय, ह्ये मी दोन म्हैनं झालं बोंबलतीया. ते तुमाला पटत न्हाई. चोर घावला म्हटलं की लगीच पटतं."

"पानी कमी, ते समद्यांनाच कमी. मग पल्याडलाच जास्ती का बसतंय?" बाल्दोमेरोनं थुंकी टाकली. "रविवारी सभा हाय. तुझं ते मीटर घे, जा, मोज आन् कागदावर आकडा आन. उगा म्हातारीवर हात टाकला असं कुनी म्हनाय नको."

तो गेला. प्रश्न मात्र ठेवून गेला. पल्याडलाच जास्त का? लांब आहे म्हणून, असं एल्विया दोन वर्षं स्वतःला सांगत आली होती. बापही तेच सांगायचा, लांबच्या दिव्याला उजेड थोडा. नऊ घरं, गरिबांची, मागाहून येऊन वसलेली. तिनं कधी मोजून पाहिलं नव्हतं, आणि पल्याडच्यांनीही कधी मोज म्हणून हट्ट धरला नव्हता.

गुरुवारी दिवस कलल्यावर ती चिमट्याचं मीटर घेऊन निघाली. शाळेजवळच्या खांबावर पल्याडची लाइन फुटते. दिवे लागल्यावर तिथं दाब मोजला, दोनशे पाच व्होल्ट. तारेला चिमटा लावला, तीन पूर्णांक चार दशांश अँपिअर. आकडे वहीत लिहून ती दरी उतरली. पाऊलवाट मोकळ्या खड्यांची होती. गेल्या वर्षी मुरगळलेला गुडघा दर पावलाला कुरकुरत होता.

मेल्चोरा दारातच बसली होती. साठी ओलांडलेली, विधवा बाई. मांडीवर कुणाच्या तरी घागऱ्याची किनार, सुई डोळ्याला चिकटेल इतकी जवळ. डोक्यावरचा दिवा पिकल्या मिरचीच्या रंगाचा झाला होता.

"ये. तू बी झडती घ्यायला आलीस का? खाटंखाली आता फकस्त उंदरं ऱ्हायल्यात."

"मोजायला आलीय, मावशी."

"मोज बाई. समदं मोजून झालं, येवढंच ऱ्हायलंय." तिनं सुई कापडात खोचली. "ती इस्त्री म्या एकदाच लावली. लेकानं येवढ्या हौसेनं धाडली, म्हटलं बघू तरी. घटकाभर ठिवली आन् वर तळवा ठिवला. मांजराच्या पोटावानी कोमट. कॉलर बी सरळ हुईना. मग दिली खाटंखाली ढकलून. ह्ये सांगितलं तर अध्यक्ष म्हनतो, मांजर कुठं हाय ते दाखव."

एल्वियानं भिंतीवरच्या पेटीत मीटरच्या सुया टेकवल्या. दीडशे. तिनं पुसून पुन्हा टेकवल्या. दीडशेच. शंका नको म्हणून ती तशीच दरी ओलांडून परत शाळेच्या खांबाकडं गेली, तिथले दोन्ही आकडे पुन्हा पाहिले आणि पुन्हा दरी ओलांडून मेल्चोराकडं आली. खांबावर काही बदललं नव्हतं. म्हातारीनं तोवर उकडलेले बटाटे आणि मिरचीचं वाटण पुढं ठेवलं होतं.

वीज मोजायची रीत तिला बापानंच शिकवली होती. दाबाला प्रवाहानं गुणलं की ताकद निघते. तारेत घटलेल्या दाबाला प्रवाहानं भागलं की तारेचा अडथळा निघतो, ओहममध्ये. "मानूस खोटं बोलंल, तार न्हाई बोलायची. तिला नीट इचारलं पायजे," असं तो म्हणायचा.

वही बटाट्यांखाली दबली होती, म्हणून तिनं तळहातावरच पेनानं मांडलं. दीडशे गुणिले तीन पूर्णांक चार, पाचशे दहा वॅट. नऊ घरांचे अठरा दिवे पन्नासच्या हिशोबानं नऊशे खायला हवे होते. त्यांच्या पोटात पाचशे दहाच जात होते. शेगडी लावलेली असती तर आकडा आभाळाला गेला असता. म्हणजे चोर नव्हताच. उलट ही माणसं अर्धपोटी होती.

तिला हायसं वाटलं. सांगायला ती तोंड उघडणार, तेवढ्यात दुसरं गणित आपोआप सुरू झालं. खांबावर दोनशे पाच, इथं दीडशे. मधले पंचावन्न कुठं गेले? पंचावन्न भागिले तीन पूर्णांक चार. सोळा. सोळा ओहम. एवढ्या लांबीच्या, एवढ्या जाडीच्या तांब्याच्या तारेला सव्वादोन भरायला हवे. सव्वादोनाचे सोळा अंतरानं होत नाहीत. पल्याडची चार दिव्यांची वीज रोज संध्याकाळी तारेतच जळून जात होती.

"काय गं? तोंड का उतरलं?" मेल्चोरानं विचारलं.

"काय न्हाई. तुमच्यात चोरी न्हाई, मावशी. आकडा सांगतोय तसं."

"ते मला आकड्याबिगर बी ठावं व्हतं," म्हातारी म्हणाली आणि बटाटा सोलू लागली.

शुक्रवारी उजाडताच एल्वियानं खांबांवरचे सगळे सांधे तपासले. सगळे घट्ट होते, वंगण लावलेले. राहिला तो निलगिरीच्या राईपासून मेल्चोराच्या भिंतीपर्यंतचा जमिनीखालचा टप्पा. सहा वर्षांपूर्वी दरड कोसळून तिथले खांब गेले, तेव्हा पाण्याच्या काळ्या नळीत घालून तारा पुरायचं ठरलं होतं. ते काम बापानं एकट्यानं केलं होतं, चार दिवस, कुणाची मदत न घेता. गावानं त्याचं केवढं कौतुक केलं होतं.

राईच्या कडेला तिनं कुदळीनं माती ओढली. नळीच्या तोंडातून तांब्याच्या दोन तारा बाहेर आल्या होत्या, चकचकीत. तिनं नळी चाकूनं वीतभर चिरली. आत तांब्याला पीळ घालून जोडलेली दुसरी तार होती. बोट फिरवल्यावर बोट तांबडं झालं. गुरांच्या कुंपणाला लावतात ती लोखंडी तार, वरून डांबर चोपडलेली. डांबर सुकून गंज बाहेर आला होता. एल्विया उकरलेल्या मातीत बसून राहिली. मग तिनं नळीवर माती लोटली आणि पायानं दाबली. का दाबली, ते तिला सांगता आलं नसतं.

घरी चुलीजवळ बाप टेकून बसला होता. चुलीखाली खाण्यासाठी पाळलेल्या कुई, म्हणजे गिनीपिग, चिरकत होत्या. डाव्या हातानं तो मक्याचे भाजलेले दाणे एकेक करून त्यांना टाकत होता. तिनं तळहात त्याच्यासमोर धरला. शाई पुसट झाली होती, पण सोळा वाचता येत होते.

"आबा, पल्याडची लाइन. सव्वादोन पायजे. सोळा भरतायत."

म्हाताऱ्यानं आकडा बघितला. त्याला उलगडून सांगावं लागलं नाही. हे गणित त्याचंच होतं.

"सांधे..." तो म्हणाला.

"सांधे बघितले. नळी बी चिरली."

मग तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून शब्द येऊ लागले, तुटक, लाळेत भिजलेले. "बेअरिंग... तुटलं व्हतं. त्याच म्हैन्यात. सभंला सांगितलं, वर्गनी द्या. आज देतो, उद्या देतो. चाक बंद. सतरा दिस काळोख. कुनी न्हाई दिलं गं. खांब पडलेलं. तांबं जमिनीवर... पडून व्हतं."

"मग इकलंत."

"शहरात. भंगारवाल्याला. आन् बेअरिंग आनलं." त्यानं एक दाणा उचलला, तो बोटातून निसटला. "हिकडं साठ घरं. तिकडं नऊ. म्या हिशोब केला."

"आन् गावाला काय सांगितलंत?"

"जुनं बेअरिंग व्हतं म्हटलं माज्याजवळ. एक शिल्लक." त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं, की ते नेहमीसारखंच गळत होतं, तिला कळलं नाही. "वाटलं, पुढल्या साली घालू तांबं परत. मग पुढलं साल... ऱ्हाऊन गेलं."

"मेल्चोरामावशीला रविवारी फटकं मारत्याल, आबा."

"शेगडी न्हाई येवढं सांग. आकडा दाव. सुटंल ती." डाव्या हातानं त्यानं तिचं मनगट पकडलं. त्या हातात अजून खूप जोर होता. "म्या किती दिस हाय आता? त्यो दारावरचा रंग... म्या गेल्यावर खोड."

शनिवारी एल्विया जाळी साफ करत राहिली. पानं नव्हती तेव्हाही. आकडा सांगितला की सुटेल म्हातारी, असं ती मनाशी घोळवत होती. अर्धं खरं सांगून भागत असेल तर अख्खं सांगून बापाला चिखलात का ओढायचं? आणि त्याच्यामागं आपल्यालाही. चोराच्या लेकीच्या हातात वीजघर कोण ठेवेल? दुसरीकडं जमीन म्हणावी तर परसातले चार वाफे.

रविवारी दुपारी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. बाया सूत काततच बसल्या होत्या. पल्याडची माणसं वेगळी, भिंतीकडेला उभी होती. मधोमध बाकावर इस्त्री ठेवली होती, तिची वायर गुंडाळून.

"बोल एल्विया," बाल्दोमेरो म्हणाला.

तिनं वही उघडून वाचलं. दाब इतका, प्रवाह इतका, ताकद पाचशे दहा. "अठरा दिव्यांना बी ह्ये पुरत न्हाई. शेगडी न्हाई, इस्त्री न्हाई. पल्याडची मानसं आपल्यापेक्षा कमी वीज खात्यात."

कुणीतरी मागून ओरडलं, "आकडं काय, म्हातारीच्याच हातातलं! तू मोजायला येतीस दिसल्यावर म्हातारी इस्त्री चालू ठिवील व्हय?"

लोक हसले. बाल्दोमेरो हसला नाही. तो वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त दर प्रश्नाला एक माणूस लागायचा. "बरं. चोर न्हाई म्हनतीस. मग शाळंपास्नं दोनशे पाच निगालं आन् पल्याड दीडशे पोचलं, ह्ये तूच वाचलंस. मधलं पंचावन्न गेलं कुठं?"

एल्वियानं तळहात मुठीत मिटला. समोर मेल्चोरा उभी होती, हात पोटाशी धरून, तिच्याकडंच बघत.

"म्हाईत न्हाई," एल्विया म्हणाली.

"तुला म्हाईत न्हाई. मग इस्त्रीला म्हाईत असंल."

पुढचं भराभर झालं. हात वर झाले, तीन फटके ठरले. गस्तीची रीत अशी, की फटके खायचे, उठून गस्तीचे आभार मानायचे, की माणूस धुतला गेला. त्यानंतर त्या गोष्टीवरून कुणी टोमणाही मारायचा नाही. मारला तर त्यालाच फटके. मेल्चोरा गुडघ्यांवर बसली. टोपी काढून तिनं बाजूला ठेवली. डोक्यावरचे केस विरळ होते, मधला भांग रुंद झालेला. पहिल्या फटक्याला ती पुढं झुकली. दुसऱ्याला तिचा हात जमिनीवर टेकला. तिसऱ्याला तिच्या तोंडून बारीक आवाज आला. मग कुणाचा हात न घेता ती उठली आणि म्हणाली, "गस्तीचे आभार."

"आन् पाऊस पडस्तवर पल्याडची लाइन बंद," बाल्दोमेरो म्हणाला. "एल्विया, जा, फ्यूज काढ."

ती शाळेजवळच्या खांबाशी गेली. पेटीचं झाकण उघडलं. फ्यूजवर बोटं ठेवली. काढायला दोन बोटांचं काम. पण तिला ते काढवेना. ती लोकांकडं वळली.

"तार लोखंडाची हाय," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून ती पुन्हा ओरडली, "पल्याडची तार लोखंडाची हाय! सोळा ओहम! तांबं माज्या बापानं इकलं!"

सगळं गाव राईकडं गेलं. कुदळी आणायला नकोत, माती भुसभुशीतच होती. हातभर नळी उकरून चिरली, तेव्हा गंजकी तार उन्हात आली. बाल्दोमेरोनं ती वाकवली, तशी ती त्याच्या हातात तुटली. का विकलं, ते एल्वियानं सांगितलं. बेअरिंगचं, वर्गणीचं, सतरा दिवसांच्या काळोखाचं. अलीकडच्या साठ घरांतली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघेनाशी झाली. सहा वर्षं त्यांच्या घरात पडलेला उजेड पल्याडच्या तांब्याचा होता.

"म्हाताऱ्याला उचलून आनून मारनं बरं न्हाई," अखेर बाल्दोमेरो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "त्याचं तीन लेकीनं घ्यावं. आन् सभंत खोटं बोलली, त्याचं तीन. ज्याचं नुकसान त्यानं मारावं. मेल्चोराबाई, घ्या."

त्यानं चाबूक म्हातारीच्या हातात दिला. एल्वियानं टोपी काढली आणि गुडघे टेकले. मुरगळलेल्या गुडघ्यात कळ आली, तीही तिला बरी वाटली. सहा फटके, मग आभार, मग सगळं धुतलं जाईल. ती डोळे मिटून वाट बघत राहिली.

फटका आला नाही.

"गुरवारी माज्या दारात हातावर लिवलंस तू," मेल्चोराचा आवाज डोक्यावरून आला. "तुजं तोंड उतरलं व्हतं. म्या इचारलं, काय गं. काय न्हाई म्हनलीस. गुरवारी हिशोब झाला व्हता न्हवं? माजं फटकं रविवारचं. मधी शुक्करवार व्हता, शनवार व्हता."

"चुकले, मावशी. मारा."

"न्हाई मारायची."

"मारा, म्हातारे," बाल्दोमेरो अजिजीनं म्हणाला. "रीत हाय. मारलं की मिटलं."

"म्हनूनच न्हाई मारायची. मला न्हाई मिटवायचं." तिनं चाबूक बाल्दोमेरोच्या हातात परत दिला, पाठ ताठ ठेवून टोपी डोक्यावर चढवली आणि हळूहळू दरीची वाट धरली. पल्याडची माणसं तिच्यामागून गेली. एल्विया तशीच गुडघ्यांवर होती. तिला ऊठ म्हणायचं का नाही, ते कुणालाच कळेना, आणि एकेक करून लोक पांगले.

ती घरी आली तेव्हा बाप जागेवरच होता. त्यानं तिच्या पाठीकडं पाहायचा प्रयत्न केला. मान पुरती वळेना.

"सांगितलंस?"

"सांगितलं. फटकं खाऊन झाल्यावर सांगितलं. तिनं खाल्ल्यावर."

"तुला... मारलं?"

"न्हाई. चाबूक दिला तिच्या हातात. न्हाई मारलं तिनं."

म्हाताऱ्याचं तोंड वेडंवाकडं हललं. मक्याचे दाणे त्याच्या मांडीवरून खाली सांडले आणि कुई त्यांच्यावर धावल्या.

"मारायला पायजे व्हतं गं," तो म्हणाला.